तिसऱ्या बेसवर एक जण

२४ मे २०१६, मंगळवार

संघाचा कारभार बघणारा ड्वेन आज सहा खोकी घेऊन आला. आत हेरन्सच्या, म्हणजे 'बगळे' नावाच्या आमच्या गावच्या बेसबॉल संघाच्या, तेवीस हंगामांच्या गुणवह्या, सगळ्या माझ्याच हातच्या. मैदान विकलं गेलंय हे मार्चपासून गावात सगळ्यांना माहीत होतं, आज त्याने तोंडाने सांगितलं. पाच सप्टेंबरला शेवटचा सामना. नंतर तिथे गोदाम होणार.

"ट्वेटबाई, चाळीस पानं हवीत. हेरन्सचा इतिहास. पंधरा ऑगस्टला छापखान्यात."

"मी गणित शिकवायचे, ड्वेन. तुला तर ते चांगलंच आठवत असेल."

"दोनदा नापास केलंत, विसरेन कसा? पण पहिल्या दिवसापासून मैदानावर गुण लिहायच्या त्या खिडकीत कोण बसलंय? तुम्हीच. मग दुसरं कोण लिहिणार, तो बगळ्याच्या पोशाखातला?"

हो म्हटलं. माझा नवरा हॅल्वर असता तर त्याने सांगायचं आणि मी लिहायचं, असं झालं असतं. पहिली अकरा वर्षं तोच संघाचा प्रशिक्षक होता.

संध्याकाळी या वर्षीचा मुलगा राहायला आला. ऑक्टेव्हियो, ताव्हो म्हणा म्हणाला. टेक्सासचा आहे, तिसऱ्या बेसवर खेळतो. आमच्या संघामागे कुठला मोठा संघ नाही. मोठ्यांनी नको म्हटलेली मुलं आमच्याकडे येतात आणि गावातली घरं त्यांना उन्हाळाभर वाटून घेतात. माझ्याकडचा हा चोविसावा. वरची नदीकडची खोली दिली. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश त्याने दोनदा वाढून घेतलं, मग विचारलं, "सिग्नेबाई, घरात तिखट सॉस असतो का?" नव्हता.

३ जून, शुक्रवार

इतिहास कसा लिहितात मला माहीत नाही, म्हणून जे येतं त्यापासून सुरुवात केली. प्रत्येक सामन्याचा ताळा करून बघतेय.

ताळा सोपा असतो. फलंदाज पहिला, दुसरा, तिसरा बेस करत घरच्या बेसवर परत आला की एक धाव, आणि तीन गडी बाद झाले की डाव संपला. जितके फलंदाज खेळायला आले, त्यांची गत तीनच प्रकारची. धाव काढली, बाद झाले, किंवा तिसरा गडी बाद होऊन डाव संपला तेव्हा बेसवर अडकून राहिले. चौथी गत नाही. तिन्हींची बेरीज फलंदाजांच्या संख्येइतकी आलीच पाहिजे.

अडकलेले मात्र मी कागदावरून मोजत नाही. तिसरा गडी बाद झाला की मान वर करायची आणि बेसवर जितकी माणसं उभी दिसतील तितकी लिहायची. ही रीत हॅल्वरने लावली. "कागद चुकतो, मैदान चुकत नाही." ताळा तो घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी करायचा आणि फोनवरून लीगला आकडे कळवायचा. दोन हजार सहामध्ये तो गेला. पुढच्या वर्षी लीगने यंत्र दिलं, ते आपोआप मोजतं. माझी वही निव्वळ सवय म्हणून चालू राहिली. म्हणजे गंमत बघा, तेवीस वर्षांत मी स्वतः एकदाही ताळा केलेला नाही.

१९९३ आणि ९४ चोख निघाले. बरं वाटलं.

११ जून, शनिवार

शहाण्णव साली एक सामना चुकलाय. सत्त्याण्णव साली दोन. तिन्हींत चूक एकच, बेसवर अडकलेला एक माणूस जास्त. आलेच नाहीत इतके अडकले कसे?

अशा प्रत्येक आकड्याभोवती हॅल्वरने पेन्सिलीने बारीक गोल केलाय. म्हणजे त्याला चूक सापडली होती. लीगला त्याने बरोबर आकडा कळवला असणार. मला एका शब्दाने बोलला नाही. माझं मन राखलं, दुसरं काय. पण राग आला. लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली होती, "सिग्ने, तुझं चुकलंय" म्हणायला काय झालं होतं?

ताव्होची तक्रार: सकाळी सरावाला जातो तेव्हा तिसऱ्या बेसची खूण म्हणून ठेवलेली पिशवी ओली असते. पहिली कोरडी, दुसरी कोरडी.

"नदी त्या बाजूला आहे," मी म्हटलं.

"नदी काय एकट्या तिसऱ्या बेसला शिंतोडे उडवते?"

"मग तूच बाटली सांडत असशील."

हसला. मग म्हणाला, चेंडू टाकणारा पिचर त्याला विचारत होता, सामना चालू असताना तू कुणाशी बोलतोस? "मी बोलत नव्हतो, बाई. म्हणजे, मला तरी आठवत नाही." घरापासून लांब आहे, एकटा आहे. मध घालून चहा दिला.

२० जून, सोमवार

सगळ्या वह्या संपल्या. एकूण अकरा सामने चुकलेत. सगळे आपल्याच मैदानावरचे, सगळे पंचाण्णव सालानंतरचे. हवामानाच्या रकान्यात अकराही ठिकाणी माझ्याच अक्षरात एक शब्द आहे: धुकं.

तर उलगडा झाला. धुक्यात मला नीट दिसत नाही. आमच्या प्रशिक्षकाची उभं राहायची जागा तिसऱ्या बेसजवळ असते, त्यालाच मी धावणारा गडी समजून मोजलं असणार. एकाहत्तराव्या वर्षी कळलं की पन्नाशीतच चष्मा बदलायला हवा होता. इतिहासात हे घालायचं कारण नाही.

धुक्यावरून आठवलं. धुकं पडलं की हॅल्वर जेवण अर्धवट टाकून मैदानावर जायचा. ताडपत्री नीट बसलीय का बघून येतो, म्हणायचा. धुक्याने मैदान भिजत नाही, त्यासाठी ताडपत्री कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. बूट बांधत राहिला. तासाभराने यायचा तो घसा बसलेला असायचा. दमट हवा त्याला कधी मानवली नाही.

२ जुलै, शनिवार

नेब्रास्काहून पत्र आलंय. नोरीन ब्रॅनिगन, पंचाण्णव साली आमच्या संघात असलेल्या लायलची मोठी बहीण. संघ बंद होतोय हे तिने वाचलं. तिचीच वाक्यं उतरवते.

"तुमचं १९९५ सालचं पत्र अजून आमच्याकडे आहे. 'तुमचा मुलगा संघ सोडून गेला आहे, त्याची बॅग पाठवत आहे.' बाबा म्हणाले, पळपुटा निघाला. त्यांनी त्याला शोधू दिलं नाही. आई दर रविवारी बॅगेतल्या त्याच्या बुटांना तेल लावायची. बाबांमागून २००९ साली तीही गेली. तो कुठे गेला एवढंच मला हवंय. तुमच्या वहीत त्याच्या नावापुढे काय लिहिलंय, कळवाल का?"

लायल आमच्याकडेच राहायचा, त्याच खोलीत. बावीस वर्षांचा, सरळ पोरगा. सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करायचा, नळसुद्धा विचारून बंद करायचा. बारा जुलै पंचाण्णव. चार-चार अशी बरोबरी, शेवटच्या डावाचा आमचा अर्धा भाग, एक बाद, लायल तिसऱ्या बेसवर. एक धाव झाली की सामना आपला. तेवढ्यात नदीवरून धुकं आलं. असं धुकं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला माझ्या खिडकीची चौकटच काय ती दिसत होती. अंपायर म्हणाला, अर्धा तास वाट बघू. धुक्यातून हॅल्वरचा आवाज आला: "लायल! मी सांगेपर्यंत पिशवी सोडायची नाही. ऐकलंस का?" आणि लायल: "ऐकलं, साहेब." सगळी माणसं हसली. हॅल्वरचा विनोद असा असायचा, चेहरा न हलवता. हा किस्सा पुस्तकात नक्की घालायचा.

मग अंपायरने सामना थांबवला, पुढे कधी ठरवू म्हणाला. लोक चाचपडत गाड्यांपर्यंत गेले. पाहुणा संघ त्याच आठवड्यात बुडाला, म्हणून तो सामना तसाच राहिला. लायल घरी आला नाही. आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. मुलं अशीच जातात. एखाद्या दिवशी कंटाळतात, कुणाच्या तरी गाडीत बसतात आणि गावी निघतात. त्या वर्षी लायलच्या आधी चार गेली होती. पोलिसांना कोण सांगतं? संघाच्या यादीत मी त्यांच्या नावांपुढे लिहिलं होतं तेच याच्या नावापुढे लिहिलं: संघ सोडला.

बॅग मी भरली. आज पत्र वाचताना आठवलं, त्याचे रोजचे बूट मीच वर्तमानपत्रात गुंडाळले होते. खेळाचे खिळ्यांचे बूट त्याच्या पायात होते. तो बूट न घेता गेला, हे तेव्हा माझ्या हातांना कळलं असणार. मला कळलं नाही.

नोरीनला काय लिहू?

१२ जुलै, मंगळवार

संध्याकाळी सामन्यात धुकं आलं. खेळ थांबवण्याइतकं नव्हतं. नवा चष्मा होता. म्हटलं, बघू या आता चूक होते का.

चौथा डाव संपला, मान वर केली, दोन लिहिले. यंत्र म्हणालं एक.

पुन्हा बघितलं. पहिल्या बेसवरचा आमचा मुलगा परत निघाला होता. तिसऱ्यावर एक जण उभा होता, डावा पाय पिशवीवर, टोपी खाली ओढलेली. त्याच्या शेजारून दोन्ही संघांची मुलं गेली, तो हलला नाही. आमचा प्रशिक्षक, दुसरं कोण? मी दोन खोडून एक केला आणि मनाशी हसले.

घरी येताना ताव्होला सांगितलं. तो गाडी चालवत होता.

"बाई, प्रशिक्षक तिथे नव्हता. अंपायरशी भांडला म्हणून तिसऱ्या डावातच त्याला बाहेर काढलं ना? त्यानंतर तिथे कुणीच उभं नव्हतं."

बरोबर, ते मीच वहीत लिहिलंय.

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "तुम्हाला तो कसा दिसतो? मला फक्त श्वास ऐकू येतो. पळायच्या तयारीत असलेल्या माणसाचा."

मी म्हटलं, समोर बघून गाडी चालव.

१६ जुलै, शनिवार

नोरीनला तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. "संघ सोडला" असं लिहिलंय हे कळवणं खरं आहे, आणि ते खोटं आहे. शाळेत मी मुलांना सांगायचे, उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेवा, पण मनाचा आकडा लिहू नका. मी मनाचा आकडा लिहिला आणि त्यावर एका बापाने पोराला पळपुटा ठरवलं.

१९ जुलै, मंगळवार

ड्वेनकडे गेले. त्याला फक्त इतकंच सांगितलं की पंचाण्णवचं पान अर्धवट आहे, लायल ब्रॅनिगनचं काय झालं ते लिहिल्याशिवाय मी पुस्तक देणार नाही.

"बाई, पोरगा एकवीस वर्षांपूर्वी गेला. काय लिहिणार तुम्ही?"

"तो बेसवर आहे. सामना संपलेलाच नाही. वहीप्रमाणे तो अजून तिसऱ्या बेसवर आहे."

गंमत करतेय असं त्याला वाटलं. मग डोळे चमकले. पोशाखातल्या त्या बगळ्याला सायकलवर बसवायचं ठरवतानाही हेच डोळे चमकले होते. "मग संपवू या की! पाच सप्टेंबरला, शेवटच्या सामन्याआधी. राहिलेला अर्धा डाव. चार-चार, एक बाद. काय गर्दी होईल बाई!"

"आणि तिसऱ्या बेसवर कोण?"

"कुणालाही उभं करू."

"बदली गडी आला की पहिला सामन्यातून बाहेर जातो, परत येता येत नाही. नियम आहे. तिथे दुसरं कुणी उभं राहणार नाही, ड्वेन."

त्याने डोकं खाजवलं. "मग परसातल्यासारखं करू. आम्ही लहानपणी माणसं कमी पडली की बेसवर भूत ठेवायचो. 'तिसऱ्यावर भूत आहे' म्हणायचं आणि खेळायचं. भुताची धाव सगळे मानायचे, भांडण नाही."

मी म्हटलं, चालेल.

नोरीनला आज एकच ओळ लिहिली: "वहीत जे लिहिलंय ते चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. पाच सप्टेंबरला या."

१४ ऑगस्ट, रविवार

पुस्तक उद्या जाईल. पंचाण्णवच्या पानावर लायलच्या नावापुढची जागा कोरी ठेवलीय. हॅल्वरचा तो विनोद लिहून काढला होता. पुन्हा वाचला आणि खोडला. का, ते नेमकं सांगता येत नाही. वाचताना हसू आलं नाही एवढं खरं.

५ सप्टेंबर, सोमवार

लख्ख ऊन. धुक्याचा मागमूस नाही. हजारभर माणसं आली होती, इतकी गेल्या दहा वर्षांत पाहिली नाहीत.

नोरीन सकाळीच आली. पन्नाशीची, उंच, रुंद खांद्यांची. तिला मैदानावरच्या माझ्या गुणलेखनाच्या खोलीत शेजारी बसवलं. काय दिसेल ते तिला सांगितलेलं नव्हतं. खिडकी उघडी ठेवली.

ड्वेनने ध्वनिक्षेपकावरून सगळं समजावलं. बारा जुलै पंचाण्णव, चार-चार, एक बाद. "आणि मंडळी, तिसऱ्या बेसवर भूत आहे!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. पाहुणे मैदानात उतरले. आमच्याकडून फलंदाज ताव्हो. तिसऱ्या बेसजवळ आमचा प्रशिक्षक, कमरेवर हात, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. पिशवी रिकामी. मी नव्या चष्म्यातून नीट बघितलं. रिकामीच होती.

दोन चेंडू ताव्होने सोडले. तिसरा त्याने डावीकडे उंच मारला, खोल, अगदी कुंपणापाशी. असा चेंडू झेलला जाणार असला की तिसऱ्यावरच्या माणसाने झेल पूर्ण होईपर्यंत पाय पिशवीवर ठेवायचा आणि मग घरच्या बेसकडे सुटायचं. झेल पूर्ण झाला. प्रशिक्षक हात फिरवत ओरडला, "जा! जा! जा!" लोकही ओरडले. गंमत चालली होती.

आणि काही झालं नाही. काय होणार होतं, तेही मला माहीत नाही. पण अंपायर घरच्या बेसमागे वाकून उभा होता आणि त्याने निकाल दिला नाही. तो तिसऱ्या बेसकडे बघत राहिला. लोकांचं ओरडणं विरत गेलं. चेंडू लांबून फेकला गेला, मधल्या गड्याने घेतला आणि तोही घरी फेकायचा सोडून तिसऱ्याकडे बघत थांबला. ताव्हो पहिल्या बेसच्या वाटेवर अर्ध्यात उभा. त्याने वळून माझ्या खिडकीकडे बघितलं.

तेव्हा मला ते एकदम कळलं. घसा बसून घरी येणारा हॅल्वर. तो धुक्यात 'लायल, जा आता' असं ओरडत असणार हे कळलं, आणि का उपयोग झाला नाही तेही. अंपायर नाही, चेंडू नाही, फलंदाज नाही. खेळ चालू नसताना पिशवी सोडायची नसते, आणि लायल सांगितलेलं सांगितल्याप्रमाणे करणारा. आज खेळ चालू होता. सांगणारा नव्हता.

खाली उतरायला माझे गुडघे नाहीत. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले.

"लायल! ट्वेटबाई बोलतेय! हॅल्वरने सांगितलंय! जा आता! जा!"

माझा आवाज वर्गात चालायचा तसा चालला.  मधल्या गड्याने चेंडू फेकला, जोरात, खराखुरा, जसा माणसाला बाद करण्यासाठी फेकतात. पाहुण्यांचा घरच्या बेसवर चेंडू घेणारा कॅचर एकोणीस-वीस वर्षांचा, सकाळपासून या सगळ्याला हसत होता. चेंडू त्याच्या हातात येण्याआधीच तो एक पाऊल बाजूला सरला, दारातून कुणी आत येताना आपण सरतो तसा. अंपायरने दोन्ही तळवे जमिनीला समांतर पसरले. सुखरूप.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा तुटक आल्या.

मी बसले. लिहिलं: ब्रॅनिगन, धाव. पाच-चार. जितके फलंदाज आले, तितकीच बेरीज. ताळा जमला. मग यादी काढली, त्याच्या नावापुढचे दोन शब्द खोडले आणि नोरीनला दाखवले.

ती यादीकडे बघत नव्हती. "लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "मान खाली घालून पळतो. आई ओरडायची, बघ तरी कुठे चाललायस."

मी यादी मिटून ठेवली.

मग तिने विचारलं, "आता तो कुठे जाईल?"

"धाव काढलेला गडी बाकावर जाऊन बसतो," मी म्हटलं. 

आम्ही दोघींनी खाली बघितलं. आमची मुलं बाकावर बसली होती, अगदी खेटून, कारण त्या बाकावर कधीच सगळे मावत नाहीत.  मधोमध एका माणसाची जागा सोडून ती दोन्ही बाजूंना सरकली होती, आणि ताव्हो परत आला तेव्हा तो तिथे बसला नाही, कडेला उभा राहिला.